अल्पसंख्याकांचे हक्क: कोल्हापुरातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आपल्या जिल्ह्यात शिरोळ-हातकणंगल्याचे जैन शेतकरी आहेत, मोमीन-बागवान-तांबोळी आहेत, बौद्ध वस्त्या आहेत, वायल्डर मेमोरियल चर्चला जाणारी ख्रिस्ती घरं आहेत. गांधीनगरात सिंधी आहेत. गडहिंग्लजकडच्या सीमेवर घरात कन्नड आणि बाजारात मराठी बोलणारी माणसं आहेत. त्यांच्याकडून येणारे प्रश्न बहुतेक वेळा साधे असतात. दाखल्यावर काय लिहायचं, शाळा चालू राहील का, पोलिसांनी तक्रार घेतली नाही तर काय करायचं? आणि जे अल्पसंख्याक नाहीत त्यांचेही प्रश्न येतात, ते जास्त टोकदार असतात. इथे दोन्ही घेतले आहेत.

अल्पसंख्याक नक्की कोण? यादी आहे का?

धर्माच्या बाबतीत यादी आहे. राज्यघटनेत ‘अल्पसंख्याक’ हा शब्द येतो, पण त्याची व्याख्या नाही. राष्ट्रीय अल्पसंख्याक आयोगाचा कायदा १९९२ सालचा. त्याखाली १९९३ मध्ये मुस्लिम, ख्रिस्ती, शीख, बौद्ध आणि पारशी या पाच समाजांची नावं अधिसूचित झाली. जैनांचं नाव जानेवारी २०१४ मध्ये आलं. महाराष्ट्र सरकारने २०१६ मध्ये ज्यू समाजालाही राज्यापुरता हा दर्जा दिला.

भाषेच्या बाबतीत अशी यादी नाही, आणि तिची गरजही नाही. टी. एम. ए. पै खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा न्यायाधीशांच्या पीठाने २००२ मध्ये सांगितलं की, शिक्षणसंस्थांच्या हक्कांसाठी अल्पसंख्याक कोण हे राज्य धरून ठरवायचं. भाषावार प्रांतरचनेमुळे ते बरोबरच आहे. म्हणजे महाराष्ट्रात ज्याची मातृभाषा मराठी नाही तो भाषिक अल्पसंख्याक. मग तो धर्माने कोणीही असो, श्रीमंत असो की गरीब.

मी मराठी, हिंदू. माझा या विषयाशी काय संबंध?

कागल सोडून पुण्या-बंगळूरच्या रस्त्याने पुढं निघा. कोगनोळीला राज्य बदलतं. तिथून तुम्ही भाषिक अल्पसंख्याक. निपाणीत तुमची बहीण दिली असेल तर तिची मुलं अल्पसंख्याक, आणि तिथल्या मराठी शाळेला शिक्षक मिळावा म्हणून तुमचे दाजी ज्या कलमाचा आधार घेतात ते कलम ३५०-अ अल्पसंख्याकांसाठीच घटनेत आलं.

१ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव, निपाणी, खानापूर, कारवार मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेले. या सीमेच्या वादावर १९६६ मध्ये महाजन आयोग नेमला गेला, १९६७ मध्ये त्याचा अहवाल आला आणि महाराष्ट्राने तो नाकारला. २००४ मध्ये महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा लावला. सीमेचा निकाल लागेल तेव्हा लागेल. तोवर बेळगावच्या मराठी माणसाने सरकारी परिपत्रकं मराठीत मागायची ती भाषिक अल्पसंख्याकाच्या नात्यानेच. १९५६ च्या केंद्राच्या निवेदनातून जी व्यवस्था उभी राहिली तिच्यात जिथे एखाद्या भाषिक गटाची लोकसंख्या १५ टक्के किंवा जास्त आहे, तिथे महत्त्वाच्या सरकारी सूचना त्या भाषेतही द्यायच्या असं ठरलेलं आहे. हा आकडा सीमाभागातल्या प्रत्येक कार्यकर्त्याला पाठ असतो.

मला मनापासून वाटतं की, कोल्हापूरकराने या विषयाकडे इथून पाहावं. जे आपण बेळगावात मागतो ते गडहिंग्लजच्या कन्नड घराला देतो का? बेळगावात मराठी पाटीला काळं फासलं की आपलं रक्त तापतं, आणि तापायलाच हवं. मग दुसऱ्या दिवशी आपल्या बसस्थानकात कर्नाटकच्या एसटीला काळं फासलं जातं तेव्हा आपण कुणाची बाजू घेतो, हेही विचारायला हवं. त्या गाडीच्या चालकाने बेळगावात कुणाचं काही वाईट केलेलं नसतं.

गावात कन्नड बोलणारी मुलं आहेत. सरकारने कन्नड शाळा द्यायलाच हवी का?

कलम ३५०-अ सांगतं की, भाषिक अल्पसंख्याक मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळण्यासाठी पुरेशा सोयी करण्याचा प्रयत्न राज्याने आणि स्थानिक संस्थांनी करावा. ३५०-ब ने भाषिक अल्पसंख्याकांसाठी राष्ट्रपतींनी नेमायचा खास अधिकारी दिला. दोन्ही कलमं १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने आली. व्यवहारातला ठरलेला निकष असा: एका वर्गात त्या भाषेची दहा किंवा अख्ख्या शाळेत चाळीस मुलं असतील, तर त्या भाषेतून प्राथमिक शिकवणीची सोय करायची.

पुस्तकांची अडचण नाही. बालभारती मराठीबरोबर उर्दू, कन्नड, गुजराती, सिंधी, तेलुगू या भाषांतही पाठ्यपुस्तकं काढते. अडतं ते शिक्षकांवर. कन्नड माध्यमाचा शिक्षक निवृत्त होतो, जागा रिकामी राहते, तात्पुरता म्हणून मराठी माध्यमाचा शिक्षक येतो, पालक कंटाळून मुलं इंग्रजी शाळेत घालतात, आणि पट घसरला म्हणून शाळा बंद करायचा प्रस्ताव येतो. सीमेच्या पलीकडे मराठी शाळांचं नेमकं हेच होतं. त्यामुळे अर्ज करताना नुसतं ‘शाळा हवी’ असं लिहू नका. कोणत्या वर्गात त्या भाषेची किती मुलं, मंजूर शिक्षक किती, रिकाम्या जागा किती आणि कधीपासून, हे लिहा. ही माहिती माहितीच्या अधिकारात जिल्हा परिषदेकडून मिळते. ग्रामसभेचा ठराव जोडा. घटनेच्या कलम ३५० प्रमाणे असा अर्ज राज्यात वापरल्या जाणाऱ्या कुठल्याही भाषेत करता येतो. तो कन्नडमध्ये लिहिला म्हणून परत पाठवता येत नाही.

उर्दू किंवा कन्नड शाळेत मराठी सक्तीची आहे. हा हक्कावर घाला नाही का?

नाही. गुजराती शाळांनी हाच मुद्दा नेला होता आणि उषा मेहता खटल्यात २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मराठी विषय सक्तीचा करणं योग्य ठरवलं. राज्याची भाषा आली नाही तर मूल इथल्याच समाजात परकं पडतं, ही त्यामागची भूमिका, आणि ती मला पटते. २०२० च्या कायद्याने तर सगळ्याच शाळांत मराठी विषय सक्तीचा आहे.

माध्यमाची सक्ती मात्र वेगळी गोष्ट आहे. २०१४ मध्ये कर्नाटकच्या प्रकरणात न्यायालय म्हणालं की, प्राथमिक शिक्षण मातृभाषेतूनच घ्या असं सरकार पालकांवर लादू शकत नाही.

हे सगळे लाड नाहीत का? सगळ्यांना एकच नियम का नको?

हा प्रश्न रागाने विचारला जातो, पण प्रश्न म्हणून तो रास्त आहे. कोल्हापुरात त्याचं उत्तर दगडी इमारतींच्या रूपाने उभं आहे. दसरा चौकात जा आणि आजूबाजूच्या वसतिगृहांच्या पाट्या वाचा. राजर्षी शाहूंच्या काळात १९०१ मध्ये जैन बोर्डिंग निघालं, १९०६ मध्ये मुस्लिम बोर्डिंगची पायाभरणी झाली. मग लिंगायत, ख्रिस्ती, दैवज्ञ, नामदेव शिंपी, सुतार, नाभिक, ढोर-चांभार अशी किती तरी. खेड्यातलं मूल शहरात आलं तर त्याला राहायला, जेवायला कोणी ठेवून घेत नव्हतं. ‘सगळ्यांना शाळा खुली आहे’ हा एकच नियम तेव्हाही होताच, पण रात्री झोपायला जागा नसलेल्या मुलाला त्याचा उपयोग नव्हता.

२६ जुलै १९०२ च्या आदेशाने महाराजांनी संस्थानच्या नोकरीतल्या रिकाम्या जागांपैकी निम्म्या मागासवर्गीयांसाठी ठेवल्या. त्यात ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी आणि इतर पुढारलेले वर्ग वगळून बाकी सगळे मागास धरले होते. म्हणजे मुस्लिम, जैन, लिंगायत त्यात आले, आणि संख्येने थोडे असलेले पारशी आले नाहीत. थोडे असणं आणि मागे पडलेलं असणं हे दोन वेगळे प्रश्न आहेत, हे त्या आदेशात जितकं स्वच्छ दिसतं तितकं आजच्या कित्येक भाषणांत दिसत नाही.

अल्पसंख्याकांचा हक्क मुळात आरक्षणाचा नाहीच. कलम २९ म्हणतं की, ज्यांची स्वतःची भाषा, लिपी किंवा संस्कृती आहे त्यांना ती जपता येईल. कलम ३० म्हणतं की, धार्मिक आणि भाषिक अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था काढता आणि चालवता येतील. बहुसंख्याकांना याची वेगळी हमी लागत नाही, कारण विधानसभा, पाठ्यपुस्तक, सुट्ट्यांची यादी त्यांच्याच मताने ठरत असते.

आम्ही जैन आहोत. २०१४ नंतर आम्हाला आरक्षण मिळतं का?

नाही. अल्पसंख्याक शिष्यवृत्ती, अल्पसंख्याक शिक्षणसंस्थेचा दर्जा, आयोगाकडे तक्रारीचा अधिकार, महामंडळाची कर्जयोजना हे मिळतं. नोकरीत जागा राखीव होत नाहीत. जैनांमधल्या काही जाती इतर मागासवर्गाच्या यादीत आहेत. तो लाभ जातीमुळे मिळतो, धर्मामुळे नाही.

देशातल्या ४४.५ लाख जैनांपैकी सुमारे १४ लाख महाराष्ट्रात आहेत, ही २०११ च्या जनगणनेची संख्या. त्यांत आपल्याकडचा चतुर्थ-पंचम शेतकरी समाज मोठा आहे. मुंबईचा व्यापारी डोळ्यांसमोर ठेवून ‘जैनांना कशाला शिष्यवृत्ती’ असं विचारणाऱ्याने एकदा नांदणीच्या शेतात उन्हात भाजी तोडणाऱ्यांना भेटून यावं.

लिंगायत अल्पसंख्याक आहेत का?

आज नाहीत. कर्नाटक सरकारने २०१८ मध्ये तशी शिफारस केंद्राकडे केली होती. ती मान्य झाली नाही. महाराष्ट्रातही मोठे मोर्चे निघाले. स्वतंत्र धर्म की हिंदू धर्मातला पंथ, यावर समाजातच दोन मतं आहेत आणि तो निर्णय समाजाने करायचा आहे. मात्र ज्या लिंगायताची मातृभाषा कन्नड आहे तो महाराष्ट्रात भाषिक अल्पसंख्याक आहेच. त्यासाठी कुठल्याही मोर्चाची गरज नाही. ही गोष्ट आपल्याकडच्या अनेक संस्थाचालकांच्या लक्षातच येत नाही.

बौद्ध म्हणून नोंद केली तर अनुसूचित जातीच्या सवलती जातात का?

जात नाहीत. १९९० च्या दुरुस्तीने अनुसूचित जातींमधून बौद्ध झालेल्यांना अनुसूचित जातीचा दर्जा मिळतो, आणि बौद्ध म्हणून ते अल्पसंख्याकही आहेत. एकाच गोष्टीसाठी दोन शिष्यवृत्त्या मात्र घेता येत नाहीत.

ख्रिस्ती झालेल्या दलितांना हा दर्जा आजही नाही. माणूस चर्चला जाऊ लागला म्हणून गावाने त्याची जात विसरली असं कुठे घडलेलं मला माहीत नाही. हा अन्याय आहे असं माझं स्पष्ट मत आहे. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात आहे.

मुस्लिमांना धर्मावर आरक्षण आहे ना?

महाराष्ट्रात नाही. मोमीन, पिंजारी-नदाफ, तांबोळी यांसारख्या व्यवसायाने बांधलेल्या जाती इतर मागासवर्गात आहेत, जशा हिंदूंमधल्या तेली-माळी आहेत. २०१४ मध्ये पाच टक्क्यांचा अध्यादेश निघाला होता. उच्च न्यायालयाने शिक्षणापुरता तो अडवला नाही, पण पुढे त्याचा कायदा झाला नाही आणि तो संपला.

गांधीनगरचे सिंधी? ते तर हिंदू आहेत.

धर्माने हिंदू, भाषेने अल्पसंख्याक. सिंधी ही आठव्या अनुसूचीतली भाषा आहे, १९६७ पासून. तिला स्वतःचं राज्य नाही, त्यामुळे ती कुठेही गेली तरी अल्पसंख्याकच. गांधीनगरची जमीन या बाबतीत विलक्षण आहे. दुसऱ्या महायुद्धात तिथेच, वळिवड्याच्या छावणीत, पोलंडहून परागंदा झालेली सुमारे पाच हजार माणसं राहत होती. ती गेली, आणि फाळणीने उठवलेले सिंधी त्याच बराकींत आले. नव्या पिढीतल्या मुलांना सिंधी लिहिता येत नाही, ही त्या घरातल्या आजी-आजोबांची खंत आहे. इथे शाळेचा हक्क असूनही शाळा उरत नाही, कारण आईबापांनाच इंग्रजी हवी असते.

वडार, कैकाडी, कंजारभाट, पारधी हे वांशिक अल्पसंख्याक धरायचे का?

आपल्या कायद्यात ‘वांशिक अल्पसंख्याक’ असा वर्ग नाही. तो शब्द संयुक्त राष्ट्रांच्या १८ डिसेंबर १९९२ च्या जाहीरनाम्यातला. म्हणूनच १८ डिसेंबर हा अल्पसंख्याक हक्क दिवस. आपल्याकडे हे समाज विमुक्त जाती, भटक्या जमाती किंवा अनुसूचित जमातींत मोडतात आणि त्यांना त्या वर्गाची संरक्षणं मिळतात. जाहीरनाम्यातली दोन तत्त्वं मात्र त्यांना पुरेपूर लागू आहेत: ओळख जपली जावी, आणि आपल्याबद्दलच्या निर्णयांत आपलं म्हणणं ऐकलं जावं.

ब्रिटिशांच्या १८७१ च्या कायद्याने जन्मानेच गुन्हेगार ठरवलेल्या जमाती १९५२ मध्ये मुक्त झाल्या. शाहू महाराजांनी महार, मांग, रामोशी, बेरड यांची रोजची हजेरी १९१८ मध्येच बंद केली होती. चोरी झाली की आधी पारध्यांच्या पालावर जायचं, ही सवय मात्र अजून गेलेली नाही. कोणाला नुसत्या संशयावरून उचललं तर चोवीस तासांत न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे हजर केलंच पाहिजे, आणि अटकेचं कारण सांगितलंच पाहिजे. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण फुकट देतं.

आमच्या संस्थेला अल्पसंख्याक दर्जा हवा आहे.

राज्याच्या अल्पसंख्याक विकास विभागाकडे किंवा २००४ च्या कायद्याने झालेल्या राष्ट्रीय अल्पसंख्याक शैक्षणिक संस्था आयोगाकडे अर्ज करता येतो. संस्था अल्पसंख्याकांनी, त्या समाजाच्या हितासाठी काढलेली असली पाहिजे आणि विश्वस्त मंडळात त्यांचं प्राबल्य हवं. घटना आणि नियमावलीत हेतू तसा लिहिलेला आहे का ते आधी पाहा.

दर्जा मिळाला म्हणजे मनमानी करता येते असं नाही. शिक्षकांची पात्रता, पगार, इमारतीची सुरक्षितता, परीक्षा यांचे नियम लागू राहतात. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या निकालामुळे शिक्षणहक्क कायद्याचा, गरीब-वंचित मुलांना पंचवीस टक्के प्रवेश देण्याचा नियम अल्पसंख्याक शाळांना लागू नाही. केवळ तेवढ्यासाठी दर्जा घेऊन स्वतःच्या समाजातल्या गरीब मुलांनाही दारात उभं न करणाऱ्या शाळा असतात. त्या या हक्काची बदनामी करतात आणि खऱ्या गरजू संस्थांना त्याची किंमत मोजावी लागते.

पहिली ते आठवीची अल्पसंख्याक शिष्यवृत्ती का थांबली?

केंद्राने २०२२ मध्ये मॅट्रिकपूर्व योजना नववी-दहावीपुरती केली. आठवीपर्यंतचं शिक्षण मोफत आहे, हे कारण दिलं गेलं. उच्च शिक्षणासाठी राज्याच्या योजना महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावर पाहा.

दफनाला जागा नाही. कुणाकडे जायचं?

शहरात महापालिकेकडे, मृतांच्या अंत्यविधीसाठी जागा देणं हे तिचं कायद्याने ठरवलेलं कर्तव्य आहे. खेड्यात ग्रामपंचायत आणि तहसीलदार. मुस्लिम, ख्रिस्ती आणि लिंगायत या तिन्ही समाजांना जागा लागते, त्यामुळे कब्रस्तान, ख्रिस्ती दफनभूमी आणि रुद्रभूमीचा अर्ज एकत्र केला तर वजन पडतं. सातबाऱ्यावर जागेची नोंद आजच करून घ्या. मयत घरात असताना हद्दीचा वाद सुरू झाला की सगळ्या गावाची अब्रू जाते.

आडनाव ऐकून घर भाड्याने नाकारलं. गुन्हा आहे का?

खासगी घरमालकाने धर्मावरून भाडेकरू नाकारला तर त्याला थेट पकडणारा कायदा आपल्याकडे नाही. हे सांगताना वाईट वाटतं, पण खोटी आशा देण्यात अर्थ नाही. गृहनिर्माण सोसायटीची गोष्ट वेगळी: तुम्ही सदनिका विकत घेतलीत आणि पुरेशा कारणाशिवाय सभासदत्व नाकारलं, तर सहकारी संस्थांच्या निबंधकाकडे दाद मागता येते. दुकान, हॉटेल, सार्वजनिक पाणवठा इथे धर्म किंवा जातीवरून अडवणं घटनेच्या कलम १५(२) च्या विरोधात आहे.

मोबाइलवरच्या स्टेटसवरून तणाव झाला तर काय करावं?

७ जून २०२३ ला कोल्हापूर शहरात काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं: स्टेटस काही जणांचं, दगड भलत्यांच्याच दुकानांवर, आणि इंटरनेट सगळ्या जिल्ह्याचं बंद. १४ जुलै २०२४ ला विशाळगडाच्या अतिक्रमणाच्या वादात पायथ्याच्या गजापुरात घरं आणि मशीद फोडली गेली. गडावरच्या बांधकामाशी त्या घरांचा संबंध नव्हता. कुरुंदवाडला मशिदीत गणपती बसवणारा आणि बाबूजमाल दर्ग्याच्या पंज्याला नारळ वाहणारा हा जिल्हा आहे. म्हणूनच मला त्या दोन दिवसांची जास्त लाज वाटते.

आक्षेपार्ह मजकुराची तक्रार पोलिसांत करा. तो पुढे पाठवू नका, ‘बघा काय टाकलंय’ म्हणूनसुद्धा नाही. धर्म, भाषा, वंश, जात यांवरून गटांत वैर पसरवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १९६ खाली गुन्हा आहे, धर्मस्थळाची नासधूस कलम २९८ खाली. नुकसान झालं असेल तर आवराआवर करण्याआधी फोटो-व्हिडिओ काढा, पंचनामा मागा, आणि त्यात प्रत्येक वस्तू लिहिली जाईल हे पाहा. भरपाईच्या वेळी पंचनाम्यात नसलेलं कपाट कोणी मान्य करत नाही.

पोलिसांनी गुन्हा नोंदवला नाही तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) प्रमाणे लेखी तक्रार पोलिस अधीक्षकांना पाठवता येते, त्यानंतर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं. नोंदलेल्या प्रथम माहिती अहवालाची प्रत फिर्यादीला मोफत मिळते. कलम १९६ चा खटला न्यायालयाने दाखल करून घ्यायला सरकारची पूर्वपरवानगी लागते. अनेक प्रकरणं तिथेच वर्षानुवर्षं अडून बसतात, म्हणून तिचा पाठपुरावा लेखी करत राहा.

अल्पसंख्याक आयोग काय करू शकतो?

चौकशी करू शकतो, अधिकाऱ्याला बोलावू शकतो, कागद मागवू शकतो. आदेश देऊन अंमल करायला लावू शकत नाही, शिफारस करतो. राज्य आयोग मुंबईत आहे, टपालाने तक्रार चालते. तरीही तक्रार करावी, कारण आयोगाची विचारणा आली की थंड पडलेली फाइल हलते. बंधनकारक आदेश हवा असेल तर कलम २२६ खाली उच्च न्यायालय. ऑगस्ट २०२५ पासून त्याचं सर्किट बेंच कोल्हापुरातच आहे आणि सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्गचे लोकही इथेच येतात. मुंबईच्या फेऱ्या परवडत नाहीत म्हणून सोडून दिलेली शाळांची, दफनभूमीची प्रकरणं आता पुन्हा काढून बघायला हरकत नाही.

मुलाच्या दाखल्यावर काय लिहावं?

धर्म आणि मातृभाषा दोन्ही खरं तेच लिहा. घरात कन्नड, उर्दू किंवा सिंधी बोलत असाल आणि ‘सोपं पडतं’ म्हणून मराठी लिहिलंत, तर शाळेच्या पटावर तुमची भाषा बोलणारं मूल नाही असं दिसतं आणि दहा-चाळीसचा निकष तिथेच मोडतो. जैन घरांत ‘हिंदू जैन’ अशी जुनी नोंद सापडते. चूक असेल तर मूल शाळेत असतानाच मुख्याध्यापकांकडे अर्ज द्या, सोबत वडिलांचा किंवा आजोबांचा जुना दाखला जोडा. शाळा सोडल्याचा दाखला हातात पडल्यावर तीच दुरुस्ती शिक्षणाधिकाऱ्यांपर्यंत न्यावी लागते.